गृहारोग्य : सौंदर्याची सुई आणि ती धरणारा हात

कार्तिकात तुळशीचे लग्न लागले, की पुण्यातील घराघरांतून लग्नकार्याची बोलणी सुरू होतात. कार्यालय ठरविणे, लक्ष्मी रस्त्यावर जाऊन शालू-पैठण्या पाहणे, सराफाकडे दागिने घडविण्यास टाकणे, आचाऱ्याशी ताटाचा दर ठरविणे, ही यादी वडीलधाऱ्या मंडळींना तोंडपाठ असते. अलीकडे मात्र या यादीत एक नवे कलम शिरले आहे, आणि ते कागदावर सहसा लिहिले जात नाही. कपाळावरील आठ्या घालविणारे, ओठांना भरदारपणा आणणारे, डोळ्यांखालचे खळगे भरून काढणारे, किंवा वर्ण उजळ करण्याचे आश्वासन देणारे इंजेक्शन, हे ते कलम होय. वधू ते घेते, वधूची आई घेते, आणि हल्ली नवरदेवही त्यात मागे राहत नाहीत.

अशी इंजेक्शने घ्यावीत की घेऊ नयेत, हा वाद आज करावयाचा नाही. आपला चेहरा कसा असावा हे ठरविण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे; आणि केसांना कलप लावणाऱ्या पिढीने आठ्या घालविणाऱ्या पिढीकडे पाहून नाक मुरडावे, यात काही स्वारस्य नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. ही सुई कोणाच्या हातून टोचून घ्यावयाची, हे आपण कशावरून ठरवितो?

बहुतेक घरांतले उत्तर एकच आहे, आणि ते म्हणजे ओळख. भिशीला जमलेल्या एखाद्या मैत्रिणीने सांगितले, नणंदेच्या जावेने तेथेच घेतले होते, पार्लरमधील बाई दहा वर्षांच्या परिचयाच्या आहेत, एवढ्यावर काम भागते. वास्तविक पैठणी घेताना आपण पदर उलटून मागची वीण पाहतो. सोने घेताना हॉलमार्कचे चिन्ह भिंगातून पाहण्याचा आग्रह धरतो. परंतु ज्या औषधाने चेहऱ्याचे स्नायू काही महिने निश्चल व्हावयाचे, त्याची बाटली पाहण्याचा संकोच वाटतो. आणि ज्या हाती डोळ्यापासून अंगुळभर अंतरावर सुई द्यावयाची, त्या हाताचे शिक्षण विचारणे असभ्यपणाचे वाटते. हा संकोच किती महागात पडू शकतो, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

प्रथम ही द्रव्ये कोणती ते पाहू. बोटॉक्स या नावाने जे औषध सर्वतोमुखी झाले आहे, ते बोट्युलिनम नावाचे विष होय. नीट न शिजविता हवाबंद ठेवलेल्या अन्नात एक जंतू वाढतो, त्याचे हे विष. बेल्जममध्ये 1895 साली खारविलेले मांस खाऊन वादकांच्या एका ताफ्यातील तिघे दगावले, तेव्हा व्हॅन एर्मेंगेम या शास्त्रज्ञाने तो जंतू शोधून काढला. मज्जातंतूकडून स्नायूकडे जाणारा निरोप हे विष मध्येच अडविते, आणि स्नायू सैल पडतो. पुढे अत्यल्प मात्रेत तेच विष औषध ठरले. अमेरिकेत 1989 साली तिरळेपणावर आणि पापण्यांच्या अनावर उघडझापीवर त्यास परवानगी मिळाली, आणि भुवयांमधील आठ्यांसाठी ती 2002 साली मिळाली. टोचल्यावर काही दिवसांनी गुण दिसू लागतो, पुरता परिणाम दिसण्यास दोन आठवडे लागतात, आणि साधारणतः तीन ते चार महिन्यांत तो ओसरतो.

दुसरे द्रव्य फिलर. हे बहुधा हायलुरॉनिक आम्लाचे घट्टसर जेल असते. हा पदार्थ आपल्या त्वचेत आणि सांध्यांत मुळातच असतो, म्हणून तो शरीरास पुष्कळ अंशी मानवतो. ओठ, गाल, हनुवटी यांना उठाव आणण्यासाठी तो त्वचेखाली भरतात. तिसरे ग्लुटाथायोन. वर्ण गोरा करण्याच्या आशेने हे शिरेतून देण्यात येते. त्याविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे. चौथा प्रकार म्हणजे आपलेच रक्त काढून, ते यंत्रात फिरवून, त्यातील एक भाग पुन्हा चेहऱ्यात किंवा केसांच्या मुळांशी टोचण्याचा. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास पी. आर. पी. म्हणतात.

चेहरा सुधारण्याची विद्या पुण्यास नवीन नाही, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. 1792 च्या टिपूबरोबरील युद्धात इंग्रजी फौजेत बैल हाकणारा एक मराठा शेतकरी टिपूच्या हाती सापडला. इंग्रजी लेखांत त्याचे नाव कावसजी असे दिले आहे. टिपूच्या लोकांनी त्याचे नाक आणि एक हात कापला. पुढे सुमारे वर्षभर तो तसाच वावरला; नंतर पुण्याजवळील विटा पाडणाऱ्या जातीच्या एका कारागिराने त्याचे नाक पुन्हा घडविले. मेणाचे नाक करून ते कपाळावर सपाट पसरावयाचे, त्या मापाने कपाळाची त्वचा सोडवावयाची, भुवयांमधील एक पट्टी न तोडता ती खाली वळवून नाकाच्या जागी बसवावयाची, आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी ती पट्टी कापावयाची, अशी ती रीत. मुंबई इलाख्यातील क्रूसो आणि फिंडले या दोन इंग्रज शल्यवैद्यांनी ही शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिली. तिचे सचित्र वर्णन ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आले, आणि ते वाचून जोसेफ कार्प्यू या शल्यवैद्याने 1814 साली लंडनमध्ये तिचा प्रयोग केला. युरोपातील अर्वाचीन नासारोपणाच्या इतिहासात या पुणेरी कारागिराचे स्थान मोठे आहे.

ही हकीकत ऐकून कोणी म्हणेल, की त्या कारागिराजवळ पदवी कोठे होती? नव्हती, हे खरे. परंतु त्याच्यावर विश्वास ठेवण्यास दुसरी भक्कम कारणे होती. त्याची रीत ठरलेली होती आणि ती पिढ्यानुपिढ्या चालत आलेली होती. काम उघड्यावर, परक्या वैद्यांच्या डोळ्यांदेखत चालत होते. त्याने घडविलेली नाके त्याच मुलखात हिंडताफिरताना लोकांना दिसत होती. काम बिघडले असते, तर त्याला तोंड लपविण्यास जागा नव्हती. म्हणजे ओळखीवरचा विश्वास हा त्या काळी खराखुरा तपास होता. आज लाखो वस्तीच्या पुण्यात पडद्याआड, घाईने, गुप्तपणे जी सुई टोचली जाते, तिच्यामागे यांपैकी एकही कारण उभे नसते. मैत्रिणीचा चेहरा चांगला दिसतो एवढेच आपण पाहतो. ज्या पाचसहा जणींचे बिघडले, त्या भिशीला येऊन ते सांगत नाहीत.

गावातील ओळख जेव्हा अपुरी पडू लागली, तेव्हा तिची जागा नोंदवहीने घेतली. मुंबई इलाख्यात 1912 साली कायदा होऊन डॉक्टरांची नोंदणी सुरू झाली. आज हे काम 1965 च्या कायद्यान्वये महाराष्ट्र वैद्यक परिषद पाहते. नोंदणी नसता वैद्यकी करणे हा राज्याच्या 1961 च्या वैद्यक व्यवसायी अधिनियमाप्रमाणे गुन्हा आहे. या परिषदेने 2025 साली डॉक्टरांसाठी क्यूआर चिन्हाची सोयही सुरू केली; दवाखान्यात लावलेले ते चिन्ह मोबाईलने टिपले, की त्या डॉक्टरची नोंदणी खरी आहे की नाही हे घटकाभरात कळते. तेव्हा पहिला प्रश्न असा : आपले पूर्ण नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक काय? सज्जन डॉक्टरास या प्रश्नाचा राग येत नाही. ज्याला राग येतो, त्याच्याकडून उठून यावे.

नोंदणी आहे एवढ्यानेही भागत नाही. पदवी कोणती हे पाहिले पाहिजे. एम. बी. बी. एस. नंतर त्वचारोगाची एम. डी. किंवा तत्सम पदव्युत्तर पदवी, अथवा प्लास्टिक सर्जरीची एम. सीएच. वा डी. एन. बी., या पदव्यांच्या अभ्यासक्रमात चेहऱ्याच्या शिरा, धमन्या आणि मज्जातंतू यांचा अभ्यास काही वर्षे चालतो. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ या शब्दामागे मात्र असे काही असेलच, असे नाही. काही आठवड्यांचा वर्ग करून मिळालेले चौकटीतले प्रमाणपत्र आणि विद्यापीठाची पदवी भिंतीवर शेजारी टांगली, तर दुरून दोन्ही सारखीच दिसतात. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 साली केस-रोपण आणि सौंदर्यशल्यक्रिया यांसंबंधी मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हा कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून मिळविलेले ज्ञान हे प्रशिक्षण नव्हे, असे त्यास स्पष्ट लिहावे लागले. आयोगास असे लिहावे लागते, यावरूनच बाजारात काय चालले आहे हे समजावे. पार्लरमधील भगिनी आपल्या कामात कितीही निष्णात असोत. भुवया कोरणे ही एक कला आणि भुवयांमध्ये विष टोचणे ही निराळी विद्या. आणखी एक गोष्ट विचारण्यास विसरू नये. पाटीवर ज्यांचे नाव आहे, ते स्वतः टोचणार आहेत की मदतनिसावर सोपविणार आहेत?

दुसरा प्रश्न बाटलीचा. औषध चांगले असले तरी एका क्षणाच्या निष्काळजीपणाने काय होते, याचा दाखला आपल्याच प्रांताशी जोडलेला आहे. 1897 चा प्लेग पुणे विसरलेले नाही. त्या प्लेगावर हाफकीन यांनी मुंबईत लस शोधली, आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढे परळच्या त्यांच्या प्रयोगशाळेतून बाटल्या देशभर जाऊ लागल्या. 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी पाच बाटल्यांतून 107 लोकांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून ज्यांना टोचली, असे 19 जण धनुर्वाताने दगावले. दोष हाफकीन यांच्या माथी आला. काही वर्षे अपकीर्ती सोसल्यावर 1907 साली त्यांची निर्दोष मुक्तता झाली. कारण बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच त्याने बूच काढले होते, हे पुराव्यावरून दिसून आले. पुढे त्याच प्रयोगशाळेस हाफकीन यांचे नाव देण्यात आले. प्राणघातक प्लेगावरील लसीचीही ही कथा. मग हौसेखातर घ्यावयाच्या सुईबाबत आपण किती अधिक चोखंदळ असावयास हवे?

म्हणून बाटली आपल्यासमोर फोडण्यास सांगावे. खोक्यावरील औषधाचे नाव, तयार करणाऱ्याचे किंवा आयात करणाऱ्याचे नाव, परवाना क्रमांक, गटक्रमांक आणि वापराची अखेरची तारीख वाचावी. वाचता येत नसेल तर मोबाईलने छायाचित्र घ्यावे. बोट्युलिनमचे बहुतेक प्रकार शीतकपाटात 2 ते 8 अंश तापमानात ठेवावे लागतात आणि निर्जंतुक सलाईनमध्ये कालवून वापरावे लागतात. त्याची मात्रा ‘युनिट’ या मापात सांगतात. आपणास किती युनिटे आणि कोठे कोठे दिली, हे लिहून मागावे. एका कंपनीचे युनिट दुसरीच्या युनिटाबरोबर मोजता येत नाही, म्हणून औषधाचे नावही लिहून घ्यावे. फिलरच्या खोक्यात गटक्रमांकाची चिकटपट्टी असते. ती आपल्या कागदांना लावून घ्यावी. सिरिंज आणि सुई नवी, आपल्यासमोर वेष्टनातून काढलेली असावी. दर फार उतरलेला दिसला, ‘एकावर एक फुकट’ अशी जाहिरात असली, तर ते औषध पातळ केलेले, शिळे किंवा बनावट असण्याची शंका घ्यावी. साडीच्या सेलमध्ये फसलो तर साडी कपाटात पडून राहते. येथे फसवणूक चेहऱ्यावर घेऊन हिंडावे लागते.

ही भीती कल्पनेतली नव्हे. 2004 साली अमेरिकेत फ्लॉरिडा येथे परवाना निलंबित झालेल्या एका डॉक्टरने प्रयोगशाळेसाठीचे कच्चे विष स्वतःस आणि इतर तिघांना टोचले. चौघेही पक्षाघाताने दीर्घकाळ रुग्णालयात पडून राहिले. 2024 साली त्याच देशात अकरा राज्यांतील 22 जणांना असे इंजेक्शन घेतल्यावर त्रास झाला, आणि त्यांपैकी निम्म्यांना रुग्णालयात ठेवावे लागले. कित्येकांनी ते परवाना नसलेल्या माणसाकडून किंवा कोणाच्या घरी, स्पामध्ये घेतले होते, आणि काहींच्या बाबतीत औषध बनावट असल्याचे आढळले. न्यू मेक्सिकोतील एका स्पाची हकीकत तर अंगावर काटा आणणारी आहे. तेथे रक्ताच्या इंजेक्शनाने चेहरा तजेलदार करून देत. 2018 साली अधिकाऱ्यांनी तपास केला, तेव्हा नाव न लिहिलेल्या रक्ताच्या नळ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर आणि शीतकपाटात खाद्यपदार्थांशेजारी ठेवलेल्या आढळल्या. तेथे गेलेल्या काही स्त्रियांना एच. आय. व्ही. ची बाधा झाली होती. आपल्याच रक्ताचे इंजेक्शन आहे, मग त्यात धोका कसला, असे म्हणणाऱ्यांनी त्या नळ्या आठवाव्या.

तिसरा प्रश्न जागेचा. हॉटेलातील खोली, मैत्रिणीचे घर, पार्लरची आतली बाजू, या ठिकाणी ही सुई घेऊ नये, मग टोचणारा कितीही विद्वान असो. दवाखान्यात हात धुण्याची सोय, उजेड, झोपविण्यासाठी पलंग, आणि ॲलर्जीचा झटका आल्यास द्यावयाचे ॲड्रिनॅलिन हवे. वापरलेल्या सुया टाकण्यासाठी पांढरा, न भोसकला जाणारा डबा ठेवण्याचा नियम 2016 पासून आहे. तो डबा दिसतो का, हे पाहण्यास काही विद्या लागत नाही. परंतु तो जेथे नाही, तेथे इतर न दिसणाऱ्या गोष्टीही नसाव्यात, असे खुशाल समजावे.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच सर्वांत कमी विचारला जातो : बिघडले तर काय करावयाचे? बोटॉक्स नको तेथे पसरले, तर पापणी खाली येते; ती बहुधा काही आठवड्यांत आपोआप पूर्ववत होते. परंतु दुहेरी दिसू लागणे, गिळता न येणे, बोबडे बोलणे, श्वास लागणे ही लक्षणे दिसली, तर विष शरीरात पसरल्याची शंका घेऊन त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयात गेले पाहिजे. मग ती त्याच दिवशी दिसोत की काही दिवसांनी. फिलरचा धोका निराळा आहे. जेल चुकून धमनीत शिरले, तर पुढचा रक्तपुरवठा तुटतो. असह्य वेदना, त्वचा एकाएकी पांढुरकी पडणे, मग निळसर-जांभळ्या जाळीसारखे डाग, ही त्याची खूण. भुवयांमधली जागा, नाक आणि नाकालगतच्या रेघा या विशेष धोक्याच्या. तेथील धमन्यांचा डोळ्याच्या धमनीशी संबंध असल्यामुळे क्वचित कायमचे अंधत्व आलेले आहे. हायलुरॉनिक आम्लाचे फिलर विरघळविणारे हायलुरोनिडेज नावाचे औषध आहे. परंतु ते जितक्या लवकर दिले जाईल, तितके अधिक उपयोगाचे. तेव्हा ‘हायलुरोनिडेज आपल्या कपाटात आहे का, आणि ते वापरण्याचा प्रसंग आपण हाताळू शकाल का?’ असे विचारावे. जो हे नावच प्रथम ऐकत असेल, त्याच्याकडून फिलर घेऊ नये. पातळ सिलिकोन किंवा कायम टिकणारे द्रव्य कोणी देऊ करील, तर ते नाकारावे. ते विरघळविता येत नाही, आणि त्याच्या गाठी वर्षांनंतरही उठतात.

रात्री अपरात्री फोन कोणास करावयाचा, हेही आधीच लिहून घ्यावे. संमतिपत्र आपणास समजणाऱ्या भाषेत असावे, आणि ते सुईच्या आधी, शांतपणे वाचावयास मिळावे. पावती आणि कागद जपून ठेवावे. 1995 सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाप्रमाणे पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते. परंतु न्याय मागावयास कागद लागतो. बोगस डॉक्टरांविरुद्ध महानगरपालिकेच्या आरोग्य विभागाकडे आणि पोलिसांकडे, नोंदणीकृत डॉक्टरांविरुद्ध वैद्यक परिषदेकडे, आणि संशयास्पद औषधाविषयी अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

चांगल्या डॉक्टरची आणखी एक खूण सांगून हा भाग संपवितो. तो आपल्यालाच प्रश्न विचारतो. गरोदर आहात का, बाळ अंगावर पीत आहे का, स्नायूंचा काही विकार आहे का, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, पूर्वी काही टोचले आहे का, हे विचारल्यावाचून तो सुई हाती घेत नाही. आणि प्रसंगी तो ‘नको’ म्हणतो. लग्न आठ दिवसांवर आले असता ‘आजच देऊन टाकू’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘आता उशीर झाला, लग्नानंतर या’ म्हणणारा खरा हितकर्ता होय. सूज आणि काळेनिळे डाग उतरण्यास वेळ लागतो. बोटॉक्सचा परिणाम स्थिर होण्यास दोन आठवडे हवेत. ज्यांना घ्यावयाचेच आहे, त्यांनी मुहूर्ताच्या निदान महिना-दीड महिना आधी विचार करावा.

आता ग्लुटाथायोनकडे वळू. येथे कोणत्या डॉक्टराकडून घ्यावे हा प्रश्न गौण आहे, कारण ते वर्णासाठी घेऊच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. शिरेतून ते दिल्याने वर्ण सुरक्षितपणे आणि टिकाऊपणे उजळतो, असा भरवशाचा पुरावा नाही. फिलिपाइन्समध्ये या इंजेक्शनांचे प्रस्थ फार वाढले, तेव्हा तेथील औषध प्रशासनास यकृत, मूत्रपिंड आणि त्वचा यांवरील घातक परिणामांविषयी जनतेस जाहीर इशारा द्यावा लागला. आणि येथे थोडे कटू बोलावेसे वाटते. ही सुई मुलगी एकटी घेत नाही. वधूवर सूचक मंडळाच्या अर्जात ‘गोरी’ हा शब्द आपण लिहितो. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमानंतर ‘मुलगी तशी बरी आहे, पण जरा सावळी’ असे आपण दिवाणखान्यात म्हणतो, आणि ते शेजारच्या खोलीत ऐकू जाते. पदवीधर, कमावती, बुद्धिमान मुलगी मग एखाद्या दुपारी कोणास न सांगता हाताच्या शिरेत सलाईन लावून घेते. तिच्या बाजूने सुईची तपासणी करण्याचा उपदेश करावा, पण आपल्या बाजूने तो शब्द अर्जातून खोडू नये, हे न्यायाला धरून नाही.

हाच मुद्दा इतर इंजेक्शनांसही लागू पडतो. वर सांगितलेले चार प्रश्न विचारण्यास धीर लागतो, आणि लपूनछपून गेलेल्या माणसाजवळ तो नसतो. ‘सासूबाईंना कळता कामा नये’ अशा विचाराने गेलेली सून पावती मागत नाही, दुसऱ्या डॉक्टराचे मत घेत नाही, आणि रात्री गाल निळा पडू लागला तर सकाळपर्यंत वाट पाहते. तोपर्यंत औषधाची वेळ टळून गेलेली असू शकते. लेख लिहिताना आमच्या मनात सारखी तीच रात्र आहे. सुईचा धोका जितका अज्ञानातून येतो, तितकाच तो घरातील टोमण्यांतून येतो.

म्हणून एकत्र कुटुंबातील वडीलधाऱ्यांना एक विनंती आहे. घरातील कोणी अशा इंजेक्शनाचा विषय काढला, तर थट्टा करू नका आणि वयाचा हिशेबही सांगू नका. नसत्या फंदात कशाला पडता, असे वाटले तर तसे एकदा शांतपणे सांगा. आणि तरीही निश्चय कायम असेल, तर घरच्या डॉक्टरला विचारून नीट माणूस शोधून द्या, सोबत जा, बाटली पाहा, नोंदणी क्रमांक लिहून घ्या. मुलीच्या शाळाप्रवेशासाठी आणि आजोबांच्या मोतीबिंदूसाठी आपण जेवढी चौकशी करतो, तेवढीच येथे करावी, त्याहून अधिक काही नको. आणि ज्या भगिनी स्वतः जाणार आहेत, त्यांनी निदान एका माणसास, मग ती जाऊ असो, बहीण असो की नवरा असो, कोठे आणि कोणाकडे जात आहोत, हे सांगूनच घराबाहेर पडावे. त्या रात्री गाडी काढून रुग्णालयात नेणारे कोणीतरी घरात जागे असले पाहिजे, आणि काय टोचले होते हे त्याला सांगता आले पाहिजे.